क्लेमंटची आयरिश आजी

युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान ठरलं तेव्हा कॉर्नवॉलमधल्या आमच्या बंदरात सगळ्यात मोठा आवाज क्लेमंट ट्रेगिजोचा होता. हा निवृत्त बंदर-अधिकारी रोज संध्याकाळी माझ्या पबमध्ये बिअर पीत ब्रसेल्समधल्या संघाच्या बाबूंचा उद्धार करायचा. थोरली बहीण लव्हडे संघाच्या बाजूची. निकाल लागला, क्लेमंटने सगळ्यांना बिअर पाजली आणि बहीण-भावाचं बोलणं बंद झालं.

मतदानाला साडेचार वर्षं होऊन गेल्यावर आपण खरोखरच बाहेर पडलो. क्लेमंटचा स्पेनमध्ये एक फ्लॅट होता. ऑक्टोबर ते ईस्टर तो तिथे ऊन खात पडायचा. आता कळलं, संघाबाहेरच्यांनी नव्वद दिवस झाले की गाशा गुंडाळायचा. त्याने खासदाराला तीन पत्रं लिहिली. हा नियम आपल्यासारख्यांसाठी नसणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मग त्याला आजी आठवली. कॉर्कमध्ये जन्मलेली, आयरिश. आयर्लंड अजून संघातच होतं आणि तिच्या नावावर आयरिश पासपोर्ट मिळत होता, पण तिचा जन्मदाखला लव्हडेकडे होता.

केशराचे बन घेऊन तो तिच्या दारात गेला. पुढचं मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि नवल म्हणजे ते जुळलं.

लव्हडेने चहा दिला, बन खाल्ला आणि ती म्हणाली, "चुकलो म्हण, दाखला देते."

"चुकलो कुठे? देश बाहेर पडला ते बरंच झालं. फक्त त्यात मला धरायला नको होतं."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. क्लेमंट चिडला. त्याने विचारलं, एवढी संघाची कड घेतेस, तर त्या दिवशी मतदान केंद्रावर का दिसली नाहीस?

लव्हडे उठून कप विसळायला लागली.

"केस सेट करायला शहरात, ट्रुरोला गेले होते," ती म्हणाली. "वाटलं, तुमच्यासारखे कितीसे असणार."

ती आत गेली आणि दाखला घेऊन आली. मात्र त्याच्या आधारे अर्ज दोघांचे करायचे, असं तिने बजावलं. क्लेमंटने मान डोलावली.

डब्लिनहून उत्तर यायला दीड वर्ष लागलं. अर्जांचा नुसता ढीग साचला होता म्हणे. तोवर क्लेमंट रोज माझ्यासमोर कुरकुरायचा. आयरिश लोकांना अक्कल नाही, वाटेल त्याला पासपोर्ट वाटत सुटलेत, कुठेतरी आळा घालायला हवा.

गेल्या ऑक्टोबरात दोघं मिळून स्पेनला गेले. विमानतळावर संघाच्या नागरिकांची रांग छोटी होती. आमच्या गावचे चौघे शेजारच्या लांबलचक रांगेत घामाघूम होऊन उभे होते. त्यांनी हाका मारल्या. क्लेमंटने मान वळवली नाही. लव्हडेने मात्र हात हलवला, अगदी राणीसारखा.

फ्लॅटमध्ये गच्चीकडची खोली तिने घेतली. अजून परत आलेले नाहीत.