पाचाचे तीन

डेल्फिनाने मागे वळून पाहिलं तेव्हा किनारा नव्हता. पहाटे मागे वाळूची टेकडी दिसत होती, टेकडीखाली आन्सेल्मूची गाडी होती; आता नुसतं धुकं. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि चार पावलांपलीकडचं दिसेना.

"आन्सेल्मू, पाणी वाढतंय का रे?"

"छे! भरती नवाला लागणार. तक्ता बघून आलोय मी," तिचा थोरला भाऊ म्हणाला. त्रेसष्ट वर्षांचा हा गृहस्थ चाळीस वर्षं समुद्रातल्या या वाळूच्या दांड्यावर पट्टेरी बास मासे धरत आला होता, आणि ते दिवसातून दोनदा ऐकवल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. "तू गळ टाक. ऑक्टोबर संपला की हे पट्टेरी पळाले दक्षिणेला. मग बस डब्यातलं सार्डिन खात."

तिने गळ टाकला नाही. मघाशी घोट्याशी असलेलं पाणी पोटरीला लागलं होतं.

"तक्ता काढ बघू खिशातला."

त्याने काढला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग त्याचा चेहराच उतरला.

"पोरी, मी तीन दिवसांपुढची ओळ वाचली."

भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते; म्हणजे आज ती लागून दोन तास झाले होते. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये एक घळ होती. पहाटे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून दोघं ती ओलांडून आले होते. आता ती भरत होती, आणि आहे कुठल्या बाजूला तेही कळेना, कारण मासा उसळेल तिकडे वळून वळून दिशा केव्हाच हरवली होती. फोन गाडीत. हाका मारून तिचा घसा बसला, पलीकडून कुणी ओ दिली नाही. आणि आन्सेल्मूला पोहता येत नव्हतं. एवढा मोठा मासेमार, पण कधी शिकलाच नाही.

"इथंच थांबू," तो म्हणाला. "धुकं उठेल."

"उठेल तेव्हा आपण असू का इथं?"

त्याने तक्ता पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

मग तिला सुचलं. गळाची, शिसं भरलेली रबरी मासळी पाण्यात टाकली की ती तळाला टेकेपर्यंत आकडे मोजायचे, हे तिच्या नवव्या वर्षी त्यानेच शिकवलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात तीन, छातीला चार, सहा म्हणजे डोक्यावरून. तिने डावीकडे मासळी फेकली आणि मनात मोजू लागली. आठ. समोर नऊ. मागे तर तळच लागेना. चौथ्या वेळी दोरा बोटांत गुंतला, तो तिने सोडवला. उजवीकडे एक, दोन, तीन, चार, पाच. दोरा सैल पडला.

पाच म्हणजे गळ्याशी. बाकी तिन्ही बाजूंना खोल समुद्र, म्हणजे घळ हीच असणार. पण आन्सेल्मू तिच्याहून चार बोटं बुटका, पाच ऐकून जागचा हलला नसता. आणि थोड्या वेळाने पाचाचे सहा झाले असते.

"तीन!" ती ओरडली. "कमरेएवढंच आहे. चल, रबरी विजारीचा पट्टा आवळ, पाणी शिरायला नको."

"नक्की?"

"नक्की म्हणते ना!"

त्याने गळाची काठी सोडून दिली आणि तिचा हात धरला. पाणी कमरेला आलं, मग छातीला. गार पाणी रबरी विजारीत शिरून पाय जड झाले. आपणच खोटं बोलून याला मारायला नेतोय, असं वाटून तिला रडू फुटलं. त्याची बोटं तिच्या मनगटात रुतत होती, पण कमरेचं काय झालं, हे काही त्याने विचारलं नाही. एक लाट त्याच्या तोंडावरून गेली, तो ठसकला, त्याचे पाय सुटले. तिने त्याला कॉलरला धरून ओढलं, पुन्हा ओढलं, आणि तिच्या पायाखालची वाळू चढू लागली.

किनाऱ्यावर दोघं गुडघ्यांवर पडून खोकत राहिले.

"माफ कर," ती म्हणाली. "मी तुला खोटं..."

"पाच होते."

"काय?"

"तुझा दोरा बघत होतो. मीपण मोजले."

"मग आलास कशाला मेल्या?"

त्याने नाक पुसलं. "मी थांबलो असतो, तर तू तरी हलली असतीस का तिथून?"