नऊ मिलिसेकंद

डाव्या आणि मधल्या पडद्याच्या सांध्यावर जेटीची आडवी कड तुटत होती. तुटलेलं अंतर जेमतेम दोन मिलिमीटर. चित्रातली बोट स्थिर असली की कड अखंड दिसायची. बोट लाटेवर वरखाली झाली की डावा तुकडा किंचित मागे राहायचा आणि मग येऊन जुळायचा.

हे पहिल्यांदा दाखवलं ते भिकाजी तांडेलांनी. तोवर आमच्या अंधेरीच्या केंद्रात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तिथली यंत्रं तर मीच बघते. फेरीबोट चालवणाऱ्यांची चाचणी आम्ही घेतो. समोर तीन मोठे पडदे, पडद्यांवर खाडी, हातात खरं सुकाणू. भिकाजीकाका गोराईचे, वय एकसष्ट. अडतीस वर्षं खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर माणसं नेतात. साठीनंतर दरवर्षी ही चाचणी द्यायची, असा त्यांच्या बोटमालक संस्थेचा नियम आहे. तीन वेळा बोट अलगद जेटीला लावायची. पहिल्या दिवशी त्यांनी तीनपैकी दोनदा धडक दिली, दोन्ही वेळा डावीकडे वळताना.

"तुजा डावा पडदा मागं हाय, बाय," ते मला म्हणाले. "तिकडचं पानी उशिरा येतं."

त्यांची मुलगी जया मागे उभी होती. सहा वर्षं ती त्याच बोटीचं इंजिन सांभाळते. सुकाणूचा परवाना तिच्याकडेही आहे, पण सुकाणू तिच्या हाती कधी आलेलं नाही.

"आन् परवा बोट आपटून आपल्या जेटीचा टायर फाटला, तो पन पडद्यानंच का, बाबा?"

"गप गं. इंजिनवाली तू, इंजिन बघ."

ते गेल्यावर मी तिन्ही पडद्यांवर प्रकाश मोजणारे सेन्सर चिकटवले. प्रत्येक पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. पण तिन्ही पडद्यांचे संगणक वेगळे, म्हणून प्रत्येकाची चित्र बदलण्याची वेळही वेगळी. डावा पडदा मधल्याच्या नऊ मिलिसेकंद मागे होता. काकांची नजर बरोबर होती. मी त्यांच्या चाचणीच्या अर्जावर लिहिलं, 'यंत्रात दोष, फेरचाचणी घ्यावी.' याचा अर्थ, फेरचाचणीपर्यंत ते बोट चालवू शकत होते.

त्याच संध्याकाळी मी एक साधा गुणाकार केला. जेटीजवळच्या वेगाने नऊ मिलिसेकंदांत बोट दीड सेंटीमीटरही जात नाही. धडक बसायला अंदाज निदान एक मीटर चुकायला हवा. उत्तर दोनदा तपासलं आणि वही मिटली. हाताशी एक खरा दोष होता, दुरुस्त होण्यासारखा. तेवढ्यावर मी थांबले.

दुरुस्तीला आठ दिवस लागले. तिन्ही संगणकांना एकाच घड्याळाचा ठोका देणारी तार जोडली, म्हणजे तिन्ही पडदे एकाच क्षणी चित्र बदलतील. मोजणीयंत्रावर तीन रेषा एकमेकींवर बसल्या. वीस मिनिटं मी जेटीच्या त्या कडेकडे बघत राहिले. ती तुटली नाही. त्या आठ दिवसांत काकांच्या बोटीने रोज फेऱ्या केल्या. एका फेरीला साठ माणसं, शिवाय स्कूटरी.

फेरचाचणीला दोघं आली. काकांनी पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आता पानी एक झालं."

उजवीकडून आले, बोट अलगद लागली. डावीकडे वळले, धडक. तिसऱ्या खेपेला पुन्हा डावीकडे वळायचं होतं. मी बाजूला उभी होते म्हणून मला दिसलं. जेटी जवळ आली तसा त्यांनी डावा डोळा मिटला. बोट अलगद लागली.

या वेळी जयाने टोमणा मारला नाही.

"अजून जरा मागं असंल," काका म्हणाले.

मी त्यांना मोजणीयंत्रावरची रेष दाखवली. "तिन्ही एकत्र आहेत, काका."

तो मिटलेला डोळा मला तपासून बघायचा होता. जयाच्या इंजिनाच्या किल्लीला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं, म्हणजे जाळं बुडवायचं छोटं वजन, बांधलेलं होतं. ते मी मागून घेतलं, दोऱ्याला लावलं, दोरा दाराच्या चौकटीला टांगला आणि शिसं डावीकडून उजवीकडे झुलतं सोडलं.

"कसं जातंय?"

"सरल," जया म्हणाली. "जातंय, येतंय."

"सरल कुटं?" काका म्हणाले. "गोल फिरतंय. उजवीकडं जाताना लांबून, येताना जवलून."

जया त्यांच्याकडे बघत राहिली. मी माझ्या गॉगलची एक काच त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरली. "आता?"

"आता सरल," ते हळू म्हणाले.

मी सांगितलं ते असं. काळ्या काचेमागे उजेड कमी होतो, आणि कमी उजेडात डोळ्याचा निरोप मेंदूकडे उशिरा पोचतो. काचेने उजव्याला उशीर केला तेव्हा दोन्ही डोळे बरोबर आले. म्हणजे डावा आधीपासूनच मागे आहे. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो, म्हणून एक डोळा मागे पडला की सरकत्या वस्तूचं अंतर चुकतं. बोट डावीकडे वळली की जेटी नजरेत उजवीकडे सरकते, आणि म्हणून आहे त्याहून लांब वाटते.

"डावा का मागे पडला, ते डोळ्यांचे डॉक्टर सांगतील. आजच जा," मी म्हटलं. मग उरलेलंही सांगितलं. "पडद्याच्या चुकीने धडक बसू शकत नाही, हे मला आठ दिवसांपूर्वी कळलं होतं. मी बोलले नाही."

"तुला आठ दिस," काका म्हणाले. "मना वरीस झालं."

"मना पन दिसायचं," जया म्हणाली. "जेटी आली का तू डोला मिटतोस."

"मंग बोलली का नाय?"

"बोलले असते तर म्हनाला असतास, पोरीला सुकानू पायजे."

काकांनी गॉगल हातात घेऊन उलटसुलट केला. "एक काच लावून चालवली तर?"

"तिन्हीसांजेला गॉगल? हिरो हायस का, बाबा?"

ते जरा हसले. मग उठून दाराशी गेले. शिसं अजून थोडं झुलत होतं. त्यांनी ते मुठीत धरून थांबवलं, दोऱ्याची गाठ सोडली आणि किल्लीला पुन्हा बांधलं. गाठ बांधताना त्यांनी कुठलाच डोळा मिटला नाही. किल्ली जयाच्या हातात दिली.

"साडेचारची फेरी तू ने," ते म्हणाले. "डाक्टरकडं मी एकला जातो."

"आन् उद्याची?"

काकांनी तिन्ही पडद्यांवरच्या खाडीकडे पाहिलं.

"उद्याची पन. मी सुकानू सोडलं."