चाहूल न देणारी चाकं

डॉली म्हणतात मला. नाव ऐकून केस सावरायची गरज नाही. मी तीन पसरलेल्या पायांची आणि तीन चाकांची लोखंडी घडवंची आहे. माझ्यावर कॅमेऱ्याचा ट्रायपॉड उभा करायचा आणि मला ढकलायचं, एवढाच माझा संसार.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. स्वस्तातल्या मालाला कोणी जन्मगाव विचारत नाही. खोक्यात घडी होऊन मी नागपूरला वैभव नंदनवारच्या घरी आले. त्याच्या घराण्यात पूर्वी हातमाग होते, हा लग्नांचं शूटिंग करतो. खोक्यावर छापलं होतं की मी लोण्यासारखी सरकते. लोणी कुठलं! कडक प्लास्टिकची माझी चाकं अशी किंचाळायची की मंगलाष्टकं म्हणणारे भटजीही सूर चुकायचे.

त्या ओरडण्याचा लोकांना मात्र फार उपयोग होता. मी येतेय हे कळलं की पोटं आत जायची, पदर वर यायचे, गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा जिभेखाली लपायचा. सगळा मांडव आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारखा दिसायचा.

माझा खरा वैरी म्हणजे अक्षता. एवढासा तांदूळ, पण चाकाखाली आला की मी जागच्या जागी अडायचे. धरमपेठेतल्या एका लग्नात नेमकी हार घालतानाच अडले. कॅमेरा वाकला आणि नवरदेवाचं डोकं काही सिनेमात आलं नाही. मुलीचे वडील वैभवला म्हणाले, "जावई मानेपासून खालीच काहून घेतला गा?"

पुढे वैभवच्या बहिणीचं, हर्षाचं लग्न ठरलं. तिने त्याला बजावलं, "माह्या लग्नात हे चिरकं आणलं तं मी अंतरपाटाच्या मांगूनच पळून जाईन."

वैभवचा मित्र जितेंद्र कळमेश्वरच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्याने माझी जुनी चाकं काढली, पायांना मोठी भोकं पाडली आणि बेअरिंगची जाड रबरी चाकं बसवली. खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःच्या चालण्याची लाज वाटली नाही.

आता वैभवच्या आईविषयी, तुळजाबाईंविषयी सांगायला हवं. समोरचे दात पडल्यापासून या बाईने कॅमेऱ्याला तोंड दाखवलं नव्हतं. वैभवने कवळी करून आणली, ती डबीतच राहिली. "दुसऱ्याचं सामान तोंडात ठेवल्यावानी वाटते," असं त्यांचं म्हणणं. माझी किंचाळी ऐकली की पदर थेट नाकापर्यंत जायचा. अर्ध्या नागपूरच्या आयांना हसवून त्यांचं शूटिंग करणाऱ्या वैभवकडे स्वतःच्या आईचा एक धड फोटो नव्हता. हे त्याला फार लागायचं. घरचं कार्य असलं की मला त्यांच्याच दिशेने ढकलायचा.

हर्षाच्या लग्नात मी अक्षतांवरून अशी गेले की आपण जमिनीवर आहोत की नाही तेच कळेना. आवाज म्हणून नाही. मामा नत्थूजी कूलरमागे खर्रा थुंकताना सापडले. एक आत्या पर्समध्ये बुंदीचे लाडू भरताना सापडली. मग विहिणीची पंगत बसली. तुळजाबाई विहिणीच्या नाकावर रचलेलं गाणं म्हणत होत्या आणि गाता गाता त्यांनाच हसू आवरेना. विहिणीच्या मांडीवर थाप मारून, डोकं मागे टाकून, सगळं बोळकं उघडं ठेवून त्या हसल्या. मी हातभर अंतरावर होते. वैभवने मला तिथेच थांबवलं आणि कॅमेरा त्यांच्यावरच ठेवला.

घरच्या टीव्हीवर ते पाहिलं तेव्हा एकच गदारोळ उडाला. नत्थूजी म्हणाले, "माहा खर्रा काढ, नाही तं तुह्या दारात पाय ठेवत नाही." तुळजाबाई तर स्वतःला पाहून उठल्याच.

"पुसून टाक हे."

"आई, तुहा एकबी फोटो नाही माह्याजवळ."

"नसू दे. पाव्हणे बोळकं पाह्यतीन अन् हासतीन."

वैभवने वाद घातला नाही. तोंड त्यांचं होतं. त्याने सिनेमातून तेवढा तुकडा काढला आणि बाजूला ठेवला. मला मात्र वाटलं, माझी नवी चाकं फुकट गेली.

सिनेमा उमरेडला हर्षाच्या सासरी पोचला. दुसऱ्याच दिवशी तिचा आईला फोन आला.

"आई वं, मामा दिसले, आत्या दिसली, बँडवालाबी दिसला. तूच काहून नाही? पाहून असं वाटून राहिलं का माह्या लग्नाले मले आईच नव्हती."

तुळजाबाईंनी फोन ठेवला. मग वैभवला म्हणाल्या, "लाव ते."

"कोणतं?"

"बोळक्याचं. सिनेमात पुरं लाव. अन् नत्थूचा खर्राबी राहू दे. मी एकटीच काहून दिसू?"

वैभव आधी हसला आणि मग रडला. लपवायचं कशाला, मी तिथेच उभी होते.

हल्ली कार्य नसलं की तुळजाबाई माझ्यावर कांद्याची टोपली ठेवतात आणि पायाने ढकलत मला स्वयंपाकघरात नेतात. सिनेमाच्या धंद्यातल्या बाईला हा मान! पण तक्रार नाही, कांदे निदान पोट आत घेत नाहीत.

लग्नसराईत मी तुमच्याही मांडवात येईन. येताना कळणार नाही. खर्रा लपवा, लाडू लपवा, तुमचं तुम्ही पाहा. माझी विनंती एकच आहे. तुमची आई हसत असली आणि मी तिच्या जवळ सरकताना तुम्हाला दिसले, तर तिला सांगू नका.