बॉनेटखाली फुगलेलं पीठ

ढब्बूने बॉनेट उचललं आणि लगेच परत खाली ठेवलं. अगदी हळू. आत कुणी झोपलंय आणि त्याची झोपमोड होईल असं.

"काय झालं?" खुर्चीत बसल्या बसल्या बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर तोंड का उतरलं तुझं?"

मग त्याने पुन्हा उचललं. बाबा काठी टेकत आले. बेकरीच्या मागच्या अंगणात बाप-लेक शेजारी शेजारी उभे राहून आत बघत राहिले.

पीठ. जिकडे तिकडे पीठ. ज्या टोपात ते ठेवलं होतं त्या टोपाचा फक्त एक कान दिसत होता. बाकी सगळं पांढरं, गुबगुबीत, बॅटरीवर मांडी घालून बसलेलं, नळ्यांच्या खालून पलीकडे सरकलेलं. आणि ती जाड नारिंगी वायर होती ना, तिला तर असं बिलगलं होतं की सोडवायला गेलं तर रडेल.

"फुगलंय मात्र झकास," बाबा म्हणाले.

गाडी ताईची होती. ताई म्हणजे ढब्बूची थोरली बहीण. तिचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे तिच्या नजरेतून काही सुटत नाही, धंदाच तो. बाबा पडले तेव्हापासून तिच्याकडेच राहतात. खायला-प्यायला, औषधपाण्याला कसलीही ददात नाही. पण ज्या माणसाने जन्मभर भट्टीसमोर आरडाओरडा केला तो आता खिडकीशी बसून राहायचा. दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. ढब्बूला ते बघवत नव्हतं. आठवड्याच्या सुट्टीला बेकरी बंद असते, त्या दिवशी तरी बाबांना माझ्याकडे पाठव म्हणून तो ताईच्या मागे लागला होता. ताई ऐकेना. आणि तिचं चुकत होतं असंही नाही. मागच्या खेपेला ढब्बूने बाबांना न्हाव्याकडे बसवलं, "आलोच" म्हणाला आणि विसरला. वाट बघून बघून बिचाऱ्या न्हाव्याने बाबांची दुसऱ्यांदा दाढी केली.

तरी ताई शेवटी तयार झाली. बाबांचा गुडघा बसमध्ये चढू देत नाही म्हणून स्वतःची नवीकोरी हायब्रिड गाडीसुद्धा दिली. किल्ली हातात ठेवताना म्हणाली, "ढब्बू, ही शेवटची संधी. बाबा आणि गाडी, दोन्ही जसेच्या तसे परत आले तर दर आठवड्याला ने. नाहीतर विषय बंद. आणि बॉनेटला हात लावायचा नाही. आत नारिंगी वायर आहे, ती म्हणजे साक्षात वीज."

हात लावायचं कारणच नव्हतं. पण बाबा बेकरीत आले, त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पीठ मळायला घेतलं. किती दिवसांनी! मळताना भांडत होते, पाणी जास्त घातलंस म्हणून शिव्या देत होते, ढब्बूला नुसता आनंद. पीठ तयार झालं. पण भट्टी थंड, आता कुठे पेटवलेली, आणि बाहेर हुडहुडी भरेल अशी हवा. पीठ फुगणार कसं?

"व्हॅनच्या इंजिनावर ठेव," बाबा म्हणाले. जुन्या व्हॅनमध्ये ते तसंच करायचे. पाव पोचवून आलं की गरम इंजिनावर टोप ठेवायचा, वरून बॉनेट टेकवायचं.

"व्हॅन विकली बाबा आपण."

"मग ही काय बैलगाडी आहे? हिलाही इंजिन आहे ना?"

झालं. आणि आता हे.

"पण एवढं कसं फुगलं?" ढब्बू कपाळाला हात लावून म्हणाला. "यीस्ट तर मी मापात टाकलं होतं."

बाबा काठीची मूठ पुसायला लागले.

"बाबा?"

"तू टाकलंस?" बाबा म्हणाले. "मला वाटलं तू विसरला असशील. तू विसरतोस ना."

म्हणजे दोघांनी टाकलं होतं. वर बाबांनी आपलं माप वापरलं होतं, हल्लीच्या यीस्टवर त्यांचा विश्वास नाही म्हणून.

तेवढ्यात भिंतीपलीकडून फवारा डोकावला. शेजारी त्याचं गाड्या धुवायचं सेंटर. फवारा हे नाव त्याला धंद्यावरून पडलं की बोलताना समोरच्याला भिजवतो त्यावरून, हे कुणालाच माहीत नाही. भिंतीवरून उतरून त्याने एकदा आत बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. असं काम जन्मात एकदाच मिळतं.

"दोन मिनिटं! पाइप इकडेच ओढतो. एका झटक्यात साफ!"

"अरे थांब, हायब्रिड आहे ती!"

"म्हणजे?"

"अर्धी पेट्रोलवर, अर्धी विजेवर."

फवाऱ्याने विचार केला. "मग अर्धीच धुतो."

"आणि कुठली अर्धी कुठे संपते ते तुला दिसतंय का या पिठात?"

"धुवू दे त्याला," बाबा म्हणाले. "पावसात चालते ना गाडी? का पाऊस आला की ताई तिला घरात घेते?"

"पाऊस वरून पडतो बाबा. हा आडवा मारतो. मागे याने एका गाडीचा नंबरच धुवून काढला होता."

"तो रंगच कच्चा होता," फवारा दुखावून म्हणाला.

ढब्बूने मोबाइल काढला आणि ताईने गाडी घेतली त्या शोरूमच्या माणसाला फोन लावला. इंजिनवर पाणी मारलं तर चालेल का, एवढंच विचारलं. तो माणूस म्हणाला, नळीने तर अजिबात नाही, ओल्या फडक्याने पुसा. मग त्याने सहज विचारलं की काय सांडलंय. "पाव," असं ढब्बूच्या तोंडून निघून गेलं. पलीकडून "पाव?" असं आलं. मग फोन कट झाला.

ओल्या फडक्याने! ढब्बूने एक कोपरा पुसून बघितला. पिठाचा झाला चिखल, चिखलाचा झाला डिंक, फडकं चिकटलं ते चिकटलंच. तो जोर लावून ओढतोय, आणि अचानक घर्रर्र करून इंजिन सुरू!

फवारा उडी मारून भिंतीपलीकडे. ढब्बू जमिनीवर.

"गाडी चालू कशी?" तो पडल्या पडल्या ओरडला.

"मी हीटर लावून ठेवला होता," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हटलं, पिठाला ऊब राहील. आवाज येत नव्हता, मला वाटलं बंदच असेल."

इंजिन सकाळपासून आपल्या मर्जीने चालू-बंद होत होतं आणि पीठ आईच्या कुशीत असल्यासारखं फुगत होतं. ढब्बू धावत जाऊन गाडी बंद करून आला. आला तर बाबा आत वाकलेले. इंजिनाच्या वरच्या झाकणावर बोट आपटत होते. टक टक.

"अरे, इथलं वाळलंय. कडक झालंय बघ."

आणि त्यांनी नखाने कड उचलली तर तेवढा तुकडा पापडासारखा सुटून हातात आला. खालचं झाकण स्वच्छ.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मळायचा टेबल! मळायचा टेबल ते कधी धुतात का? पाणी लागलं की पीठ गोंद होतं. टेबलावर कोरडा मैदा भुरभुरायचा, वाळू द्यायचं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं आणि गाडी दिसली तर अक्कल गहाण ठेवून पाण्याच्या गोष्टी करत बसले.

मग काय, मैदा आला, पट्ट्या आल्या. बाबा डावीकडून, ढब्बू उजवीकडून.

"वायरीला हात नको लावू."

"तुम्ही लावू नका."

"मी म्हातारा आहे, मला झटका बसला तर चालेल."

"मला चालणार नाही!" ढब्बू जोरात म्हणाला. मग दोघं नुसते खरवडत राहिले.

तुकडे निघत होते. परत आलेला फवारा त्यातला एक तोंडात टाकणार होता, बाबांनी त्याच्या हातावर पट्टी मारली. अशात फाटक वाजलं. ताई. दुकानातून लवकर सुटली होती, म्हटलं बघून यावं.

ती आत आली आणि तिने एका नजरेत सगळं बघितलं. उघडं बॉनेट. नाकापासून कोपरापर्यंत पांढरे झालेले बाबा. ढब्बू.

"मी ठेवलं पीठ," ढब्बू म्हणाला.

"मी सांगितलं म्हणून ठेवलं," बाबा म्हणाले.

"ठेवलं मीच ना!"

"अरे, बापाचं ऐकलंस तर त्यात तुझा काय दोष? जन्मात एकदा ऐकलंस!"

ताई गाडीत बसली आणि तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, थरथर नाही. ढब्बूने मनात हिशेब केला. गेली. गाडीही गेली आणि बाबाही गेले. आता खिडकी आणि दोन घास.

"मेली का गं?" त्याने विचारलं.

"चालू आहे," ताई म्हणाली. "हायब्रिड आहे, गाढवा. आवाज करत नाही."

ती गाडी बंद करून उतरली. सगळं जागच्या जागी आहे का ते वाकून बघितलं, मग चष्मा वर सरकवून बाबांकडे बघत राहिली. बाबा तिच्याकडे बघतही नव्हते. ते फवाऱ्याला सांगत होते की पट्टी तिरपी धरायची असते, सरळ नाही, माणसाला एवढंही कळू नये. आवाज चांगला खणखणीत लागला होता. बाबा पडल्यापासून ताईने तो असा ऐकला नव्हता.

"बाबा, जेवलात का?"

"वेळ कुठे आहे? टोपात अर्धं पीठ उरलंय, भट्टी तापलीये. ढब्बू वेंधळा, हा फवारा बिनकामाचा. तू हात धू आणि गोळे वळायला लाग."

"मी?"

"मग काय शोरूमवाल्याला बोलवू?"

ताईने घड्याळ काढलं, पर्समध्ये ठेवलं, आणि मुकाट्याने नळाकडे निघाली. जाता जाता ढब्बूच्या डोक्यात एक टपली मारली. खरी मारली, लागेल अशी.

"गाडी परत मिळणार नाही," ती म्हणाली. "मी स्वतः आणून सोडेन आणि स्वतः घेऊन जाईन. दर आठवड्याला."

ढब्बूला टपली लागली होती तरी तो हसत होता.

बाबांना मात्र हे पटलं नाही. "म्हणजे गाडी याच्या हातात द्यायची नाही," ते म्हणाले, "आणि बाप द्यायचा? तुझी गाडी माझ्यापेक्षा महाग का?"

"तुम्ही साफ करायला सोपे आहात," ताई नळाजवळून ओरडली. "तुम्हाला पाणी चालतं."