खंडेनवमीचा मानाचा नारळ

एक नारळ उचलायला किती वेळ लागतो हो? आमच्या लॅबमध्ये एका पोरीचं वाटोळं झालं तरी तो कुणी उचलला नाही, म्हणून विचारते.

मी छाया. गंगापूर रोडवरच्या एका कोडिंग क्लासची लॅब सांभाळते. शिकवायला आमच्याकडे मास्तर नाहीत, 'सोबती' नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते पोरांना एपीआय शिकवतं, म्हणजे आपल्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या प्रोग्रामकडे माहिती कशी मागायची ते. चुकलं की इशारा देतं, बरोबर आलं की नावापुढची हिरवी पट्टी वाढवतं. दसरा झाल्यावर ज्यांची पट्टी भरलेली, त्यांनाच कंपनीत मुलाखत.

योगिनीची पट्टी भरत आली होती. नामपूरची पोरगी, भारी चिवट. घरच्यांनी बजावून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर मुलगा बघून ठेवलाय. तिच्या शेजारच्या समर्थच्या डोक्यात काही केल्या एपीआय शिरेना, तेव्हा हिनेच सांगितलं, "आडत्यासारखं आहे रे. त्याच्या गोडाऊनमध्ये आपण घुसायचं नाही. खिडकीशी उभं राहून त्याच्या पद्धतीने विचारायचं, मग तो भाव सांगतो." सोबतीला महिनाभर जे जमलं नाही ते हिने चहा पिता पिता उरकलं.

खंडेनवमीला क्लासचे मालक शेखर सर यांनी पूजा घातली. कॉम्प्युटर म्हणजे आमची हत्यारं, म्हणून सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा. मानाचा नारळ एकच. "सगळ्यात हुशार पोरीच्या मशिनवर ठेवा," सर म्हणाले, आणि फोटोत हिरवी पट्टी दिसावी म्हणून तिचा धडाही उघडा ठेवायला लावला. नारळ ठेवला कीबोर्डवर.

आरती संपते न संपते तोच तिची स्क्रीन लाल व्हायला लागली. नारळ एंटरवर बसला होता. रिकामं उत्तर, चूक. पुन्हा रिकामं उत्तर, पुन्हा चूक. पट्टी खाली खाली यायला लागली.

"सर, नारळ जरा सरकवू का?" योगिनीने विचारलं.

"पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. घरी काही शिकवलंय की नाही?"

मी कीबोर्डची वायर काढायला वाकले, तर मला म्हणाले, "छाया, उद्यापासून यायचं नाहीये का?" सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. योगिनी काचेच्या दाराशी उभी राहून पट्टी संपेपर्यंत बघत होती. त्या मेल्या सरांचा असा राग आला होता मला.

दसऱ्याच्या संध्याकाळी कुलूप उघडलं. सोबती गोड आवाजात म्हणाला, "घाबरू नकोस, योगिनी. आपण पहिल्या धड्यापासून शिकूया." ती बसली आणि धडाधड बरोबर उत्तरं देत सुटली. एवढा वेग बघून सोबतीला वाटलं, ही अंदाजाने ठोकतेय. "घाई करू नकोस, नीट वाच." पट्टी काही हलेना.

मी सरांकडे गेले. "मशिन भेदभाव करत नाही," ते म्हणाले आणि नावं कंपनीला पाठवून मोकळे झाले. समर्थचं नाव होतं. मुलाखतीत त्याने आडत्याचं उदाहरण दिलं म्हणे, साहेब एकदम खूश.

योगिनीला न्यायला तिचे वडील आले, चिमाजी. हात जोडून मला विचारलं, "नापास झाली का पोरगी?"

"नापास कसली हो, नारळामुळं झालं," म्हणत मी त्यांना सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग योगिनीकडे वळले.

"देवीवर ढकलते का गं?"

तेवढ्यात शेखर सर तोच नारळ घेऊन बाहेर आले. "रिकाम्या हाताने जाऊ नका, काका. मानाचा आहे."

चिमाजींनी तो कपाळाला लावला आणि पोरीला ओढणी पसरायला सांगितली. तिने पसरली.