टोपण लावल्यावर

मी भरून आणलेले फॉर्म चाळून डॉक्टरबाई खुशीत होत्या.

"तुमच्या गल्लीतल्या चाळीसच्या चाळीस बायका ठणठणीत!" त्या म्हणाल्या. "छातीच्या तपासणीची गाडी दुसऱ्या वस्तीत पाठवू या. उद्या यादी पक्की करते."

ठणठणीत कसल्या! परदेशातून इथे येऊन राहिलेल्या बायकांच्या तब्येतीचा अभ्यास चालू होता. मी त्यांच्यातलीच एक, म्हणून दारोदार फिरून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे. अकरावा प्रश्न, छातीत गाठ लागते का? सगळ्यांचं एकच उत्तर, नाही. आजारी बाईचे राहण्याचे कागद अडकतात, ही भीती प्रत्येकीच्या हाडीमाशी भिनलेली. आपले फॉर्म त्या कागदांच्या कचेरीत जात नाहीत, हे सांगून माझी जीभ झिजली. मी पेनाला टोपण लावलं, चहा आला, की मग खरं बाहेर पडायचं. तेही आरोग्यवाल्या बाईला नाही, ताईला, मावशीला. मी ऐकून घ्यायची आणि फॉर्म तसाच जमा करायची. दारं उघडी राहावीत म्हणून, अशी स्वतःची समजूत घालायची. मोठी शहाणी मी!

माझ्या नणंदेनेही टोपण लावल्यावरच सांगितलं होतं. "वहिनी, डावीकडे गाठ आहे. दोन महिने झाले. कुणाला बोललीस तर माझी शपथ."

मोठ्या दवाखान्याची पायरी ती चढणार नव्हती. तपासणीची गाडी गल्लीतच येणार होती म्हणून थोडी तरी आशा. मी तशीच तिच्या घरी धडकले. ती मशीनवर पडदे शिवत होती. मला बसवेना. खिडकीपाशी जा, दारापाशी ये, असं माझं चाललं होतं.

"उद्या डॉक्टरबाईंना सांगून टाकते," मी म्हटलं. "फॉर्म खोटे आहेत, आणि मी ते जाणूनबुजून दिले."

"माझं नाव घेशील?"

"शपथ घातलीस ना! माझंच घेईन."

"अगं, नोकरी जाईल. त्या नोकरीवरच तर तुझे कागद आहेत!"

"ठाऊक आहे मला! तू शिवत बस तुझे पडदे!"

ओरडले मी तिच्यावर, आणि लगेच फार वाईट वाटलं. मशीन थांबलं. पायाशी लोळणारं कापड तिने बाजूला सारलं. मग उठली, माझ्या पिशवीतलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि ते टोपण खिडकीबाहेर भिरकावून दिलं.

"विचार," पेन माझ्या हातात देत ती म्हणाली. "अकरावा."