मावसभावाचं ब्रोमीन

माझा मावसभाऊ आणि मी एकाच प्रयोगशाळेत आहोत, हा आमच्या आयांचा कट आहे. आम्हाला रेणूही एकच मिळाला. फरक एका अणूचा: माझ्या रेणूच्या टोकाला क्लोरीन, त्याच्या टोकाला ब्रोमीन. ब्रोमीन शेजारच्या रेणूला धरून ठेवतं, म्हणून त्याचे रेणू शिस्तीत एकावर एक बसतात आणि दिव्याखाली स्फटिक नारिंगी चमकतो. माझं क्लोरीन कुणालाच धरत नाही. माझ्याकडे पांढरी भुकटी, टाल्कम पावडर म्हणून खपली असती.

"क्लोरीनपण चांगलंच असतं रे," दादा म्हणाला. तो माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. तेवढ्या भांडवलावर दादा झालाय.

नोकरी एकालाच मिळणार होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम ज्याचा स्फटिक निवडतील तो राहणार, दुसरा घरी.

मी रोज त्याच्या उघड्या कुपीवर वाकून जळायचो. नजर लागते म्हणतात. स्फटिक नुसते फुगत गेले.

मग एका सकाळी माझ्या कुपीत नारिंगी सुया! त्याच्याहून झगझगीत. मी आख्खा मजला गोळा केला.

मॅडमनी क्ष-किरणांनी तपासलं. "अणू क्लोरीनचाच, पण रचना हुबेहूब तुझ्या दादाच्या स्फटिकाची. ब्रोमीन जड, थोडा उजेड स्वतःच गिळतं. क्लोरीन कमी गिळतं, म्हणून हा जास्त चमकतो. पण त्याच्या स्फटिकाचा कण पडल्याशिवाय तुझे रेणू असे बसणार नाहीत. कण आला कुठून?"

दादा माझ्या दाढीकडे बघत होता. "रोज ओणवा होऊन जळत होतास ना? झाली पेरणी."

"पुन्हा करून दाखव," मॅडम म्हणाल्या, "मग नोकरी तुझी."

मी नव्या कुपीवर दाढी झटकली. कोंडा पडला.

"दादा, एक कण दे ना."

"आधी माझ्या आईला फोन लाव. सांग, माझ्यावाचून तुझं अडलंय."

लावला. सांगितलं.

"ते मला माहीतच होतं," मावशी म्हणाली. "जेवलास का?"

दादाने सुईच्या टोकावर कण दिला. कुपी चमकली, नोकरी मला मिळाली. आपली नोकरी जातेय हे माहीत असून त्याने तो कण हसत दिला.

मला नसतं जमलं. हेसुद्धा त्यालाच जमतं, मेल्याला.